‘सर्व्हायव्हर’ पुन्हा बघायला घेताना

अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीवर ३१ मे २००० रोजी ‘सर्व्हायव्हर’ सुरू झालं आणि २०२६ च्या फेब्रुवारीत त्याचा ५० वा सीझन लागला. निर्जन जागी राहून खेळाडू एकमेकांना मतांनी बाहेर काढतात आणि बाहेर पडलेलेच शेवटी विजेता निवडतात, असा हा रिअॅलिटी शो. मधल्या काळात सुटलेले बरेच प्रेक्षक आता परत वळताहेत, हे तुमच्या पत्रांवरून दिसतंय. निवडक प्रश्नांना या अंकात उत्तरं दिली आहेत. पहिल्या सीझनच्या विजेत्याचं नाव जगजाहीर आहे, तेवढं एक सोडलं तर कुठल्याच सीझनमध्ये कोण जिंकलं हे खाली सांगितलेलं नाही, तेव्हा निर्धास्त वाचा.

प्रश्न : २०१० च्या आसपास बघणं सुटलं. आता मुलगी म्हणते, परत सुरू करू. पण पन्नास सीझन! सुटलेले सगळे बघितल्याशिवाय काही कळेल का? – एक वाचक, पुणे

कळेल. ही मालिका नाही, दर सीझन ही नवी स्पर्धा असते. माणसं नवी, निकाल तिथल्या तिथे. मागचं काही माहीत असावं लागतं ते फक्त जुने खेळाडू परत आणलेल्या सीझनमध्ये. घोळ नेमका इथेच होतो. परत येणारा प्रेक्षक नाव गाजलेलं बघून २० वा, ४० वा किंवा ५० वा सीझन लावतो आणि दुसऱ्या भागातच कंटाळतो. या तिन्हींत सगळेच खेळाडू जुने आहेत. कोण कुणावर का डूख धरून आहे हे सांगत बसायला कार्यक्रमाला वेळ नसतो. शिवाय ४० व्या सीझनमधले वीसही जण आधीचे विजेते आहेत, म्हणजे तो लावल्या लावल्या तुमचे निदान वीस सीझन फुटले. ५० व्यात २४ जण आहेत. इतके चेहरे ओळखीचे नसताना पहिला भाग म्हणजे नुसती गर्दी वाटते.

तुमच्यासाठी आमचा क्रम असा. आधी ३७ वा सीझन, ‘डेव्हिड व्हर्सेस गोलायथ’, २०१८ चा. वीसच्या वीस खेळाडू नवे, ३९ दिवसांचा जुना साचा, त्यामुळे तुम्हाला आठवतो तोच खेळ समोर येतो, फक्त खेळाडू जास्त तयार झालेले दिसतात. तो आवडला तर थेट ४५ वर उडी मारा. मधलं काही अडत नाही. ४५ पासून (सप्टेंबर २०२३) भाग एक तासाऐवजी दीड तासाचे झाले. जाहिराती वगळल्या तरी एका भागात तासाभराहून जास्त मजकूर मिळतो आणि माणसं ओळखायला तेवढा वेळ लागतोच. ४१ ते ४४ चे भाग तासाचे आहेत, त्यात तीन ट्राइब (खेळाडूंचे गट), डझनभर नवे नियम आणि अठरा माणसं कोंबलेली. पहिल्यांदा परत येताना तिथून सुरुवात करू नका. ४५ व्यात एकच खेळाडू आधी येऊन गेलेला आहे, ४४ व्यात पहिल्याच दिवशी डोक्याला मार लागून बाहेर पडलेला. तेवढं माहीत असलं की पुरे.

२० वा सीझन, ‘हीरोज व्हर्सेस व्हिलन्स’ (२०१०), बघायची फारच ओढ असेल तर त्याआधी निदान ७ वा, १६ वा आणि १८ वा बघून घ्या. त्यातला रसेल हँट्झ १९ व्या सीझनमधून आलेला. १९ आणि २० हे दोन्ही सामोआत लागोपाठ चित्रित झाले. म्हणजे २० व्यात इतर एकोणीस जण त्याच्यासमोर बसले तेव्हा त्याचा आधीचा खेळ त्यांच्यापैकी एकानंही टीव्हीवर पाहिलेला नव्हता, कारण तो अजून दाखवलाच गेला नव्हता. हे डोक्यात ठेवून बघितलं की तो सीझन वेगळाच दिसतो. १९ वा बघावा की नाही हा चवीचा प्रश्न. आमचं मत, एकाच माणसावर कॅमेरा इतका रेंगाळलेला आहे की बाकीचे निम्मे ओळखूच येत नाहीत.

प्रश्न : नियम इतके बदललेत की मत टाकायची रात्रही ओळखू येत नाही. काय काय बदललं ते एकदा नीट सांगाल का? – एक वाचक, नाशिक

सांगतो, पण सगळं नाही. दर सीझनला दोन-चार गंमती येतात आणि जातात, त्या पाठ करण्यात अर्थ नाही. टिकून राहिलेले बदल तेवढे घ्या.

सर्वांत मोठा बदल दिवसांचा. पहिल्या चाळीस सीझनपैकी जवळपास सगळे ३९ दिवसांचे. कोविडमुळे सव्वा वर्षाहून जास्त खंड पडला आणि २२ सप्टेंबर २०२१ ला ४१ वा सीझन आला तो २६ दिवसांचा. तेव्हापासून तेच. ४१ ते ४९ मध्ये १८ खेळाडू, सहा-सहांच्या तीन ट्राइब. जागाही बदलत नाही. ३३ व्या सीझनपासून सगळं चित्रीकरण फिजीतल्या मामानुका बेटांवर होतं. तुम्हाला आठवणारे आफ्रिका, चीन, ॲमेझॉन हे सगळं ३२ पर्यंतचं.

दिवस कमी झाले म्हणून हाल कमी झाले असं नाही. पूर्वी ट्राइबला बहुधा तांदळाची पिशवी मिळायची. ४१ ते ४९ मध्ये सुरुवातीला तांदूळ मिळाला नाही. पातेलं, कोयता आणि चकमकही पहिल्याच दिवशी जिंकून घ्यावी लागते. हरलेल्या ट्राइबला ते सामान मिळवायला ठरलेल्या वेळात अंगमेहनतीचं नाहीतर डोक्याचं काम पुरं करावं लागतं. पुढे इम्युनिटीची, म्हणजे मतदानातून सुटका देणारी, स्पर्धा हरलं की चकमक काढून घेतात. चकमक गेली की आग गेली आणि आग गेली की पाणी उकळणं, शिजवणं अडतं. म्हणून एकदा हरलेली ट्राइब सारखी हरताना दिसते. ती दैवाची गोष्ट नसते, पोटात काही नसतं.

सहाच माणसांची ट्राइब असल्यामुळे सुरुवातीची गणितंही आवळली गेली. पूर्वी आठ-दहा जणांत एखादा गप्प राहून चार मतदानं काढायचा. सहांत लपायला जागा नाही. चौघांची युती झाली की उरलेल्या दोघांना दुसऱ्या दिवशीच कळतं.

आता आयडॉल, म्हणजे मतदानात वाचवणारी, शोधून काढायची वस्तू. लपवलेला इम्युनिटी आयडॉल पहिल्यांदा ११ व्या सीझनमध्ये, ग्वाटेमालात आला (२००५). तेव्हा तो मतदानाच्या आधी काढावा लागे. १२ व्या आणि १३ व्यात उलटं, मतं वाचून झाल्यावरही काढता यायचा, म्हणजे ज्याच्याकडे आहे त्याला कुणी हात लावत नसे. १४ व्यापासून आजचा नियम बसला : मतं टाकून झाली, सूत्रसंचालक जेफ प्रोब्स्ट पेटी घेऊन आला, त्याने विचारलं, आणि वाचायच्या आधी काढायचा. आयडॉल ज्याच्यासाठी काढला त्याला पडलेली मतं मोजायचीच नाहीत. पाच जण उरतात ते मतदान आयडॉल वापरायची शेवटची संधी. हे शेवटचं लक्षात ठेवा, कारण शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या भागात काही माणसं अचानक घाईला का आली, याचं उत्तर बहुतेक वेळा यातच असतं.

४१ पासून यात अट घातली. बऱ्याचदा आयडॉलच्या आधी ‘बिवेअर ॲडव्हांटेज’ असं लिहिलेलं पाकीट सापडतं. उघडलं की बांधील. आत सांगितलेलं काम पुरं होईपर्यंत त्या माणसाचं मत गोठलेलं. ‘जर्नी’ हाही तसाच प्रकार : दोघातिघांना होडीनं दुसरीकडे नेतात, तिथे कोडं किंवा जुगार असतो. जिंकलं तर जादा मत किंवा तसंच काही, हरलं तर पुढच्या वेळचं मत गेलं.

आणि ‘शॉट इन द डार्क’. प्रत्येकाला सुरुवातीलाच एक फासा मिळतो, पूर्ण खेळात एकदाच वापरायचा. आपलं मत सोडायचं, फासा द्यायचा आणि गुंडाळ्या असलेल्या पिशवीतून एक काढायची. सहांत एकच सुरक्षित. ४१ ते ४४ या चार सीझनमध्ये तो एकदाही लागला नाही. त्याचा खरा परिणाम दुसरा आहे. उद्या आपण जाणार असं कुणाला कळलं तर तो फासा टाकेल, म्हणून आता जाणाऱ्याला शेवटपर्यंत गोड बोलून गाफील ठेवतात. शिबिरावरचा खोटेपणा वाढला तो माणसं बिघडली म्हणून नाही, या फाशामुळे.

शेवटचा बदल चौघांच्या रात्रीचा. ३५ व्या सीझनपासून (२०१७) चार उरले की मतदान होत नाही. शेवटची इम्युनिटी जिंकणारा एकाला आपल्यासोबत नेतो, उरलेले दोघे आग पेटवायची शर्यत लावतात. चकमक घासून ठिणगी, नारळाच्या काथ्यावर ज्योत, वर बांधलेला दोर जळेपर्यंत जाळ वाढवायचा. यात बहुतेक जण हरतात ते ठिणगी पडत नाही म्हणून नाही, ज्योत आल्यावर घाईनं जाड काटक्या टाकून ती गुदमरवतात म्हणून. पूर्वी इथे मतदान व्हायचं, त्यामुळे सगळ्यांना धोकादायक वाटणारा माणूस हमखास चौथा जायचा. आता त्याला आग पेटवता आली तर वाचतो. हा नियम आम्हाला पटत नाही. इतके दिवस मतांचा खेळ खेळायचा आणि जेव्हा मत सर्वांत महाग होतं तेव्हा तेच काढून घ्यायचं, हे विचित्र आहे. पण शेवटचा भाग बघायला मजा येते, नाकारता येत नाही.

बाकी मर्ज, म्हणजे सगळ्या ट्राइबची एकच ट्राइब होणं, हेही आता एका रात्रीत होत नाही. ट्राइब एकत्र येतात, पण पहिल्या स्पर्धेत जिंकलेल्यांनाच मेजवानी आणि सुरक्षा मिळते, उरलेल्यांतून एक जातो, मग मर्ज. आणि ४१ ते ४९ मध्ये निकाल थेट बेटावरच वाचले. पूर्वीसारखा काही महिन्यांनी स्टुडिओत होणारा सोहळा त्या काळात बंद होता.

प्रश्न : बहुमत असलेला गट एकाच माणसाला मतं न देता दोघांत का वाटतो? सरळ एकाला काढून मोकळे का होत नाहीत? – एक वाचक, कोल्हापूर

आयडॉलची भीती. एक उदाहरण कागदावर मांडून बघा, पुढे दर आठवड्याला तोंडी जमेल.

नऊ जण उरलेत. सहा एका बाजूला, तीन दुसऱ्या. तिघांना अ, ब, क म्हणू. त्यातल्या एकाकडे आयडॉल आहे असा संशय, कुणाकडे ते माहीत नाही. सहाही जणांनी अ ला मतं दिली आणि अ नं आयडॉल काढला, तर सहा मतं शून्य. तिघांनी मिळून सहांपैकी ज्या एकाला, समजा य ला, दिलेली तीन मतंच मोजली जाणार आणि य घरी जाणार. म्हणून सहा जण वाटणी करतात : तीन मतं अ ला, तीन ब ला. आता अ नं आयडॉल काढला तरी ब ची तीन आणि य ची तीन, बरोबरी. पुन्हा मतदान होतं, त्यात ब आणि य मत देत नाहीत. उरलेल्या सातांत बहुमताचे पाच, समोरचे दोन. ब जातो. आयडॉलही बाहेर आला, माणूसही गेला.

पण ही वाटणी अगदी काठावरची आहे. सहांपैकी एकच फिरला आणि त्याने ब ऐवजी य ला मत दिलं, की हिशेब होतो य ला चार, अ ला तीन, ब ला दोन. आयडॉल न काढताच य गेला. मोठे धक्के बहुतेक इथेच बसतात. बाहेरून वाटतं सहा जणांचा भक्कम गट कसा फुटला. गट फुटलेलाच नसतो, एक जण फुटलेला असतो आणि वाटणीमुळे तेवढा पुरतो.

नियम असा धरा : वाटणीचा लहान वाटाही समोरच्यांच्या एकूण मतांपेक्षा कमी नको. सात विरुद्ध दोन असतील तर चार-तीन अशी वाटणी निर्धास्त. सहा विरुद्ध तीन असताना कुणी वाटणीची भाषा करू लागलं की सावध होऊन बघा. आणि मोजायच्या आधी एक गोष्ट नेहमी तपासा, आज किती जणांना मतच नाही? हल्ली जर्नीत मत गमावलेले, पाकीट उघडून बांधलेले असे एक-दोन असतात. पाच जणांच्या ट्राइबमध्ये तीन-दोनचा गट असेल आणि तिघांतल्या एकाचं मत गेलं असेल, तर तो गट त्या रात्री बहुमतात नाही. दोन-दोन आहे.

मतं वाचण्याच्या क्रमावरून काही ताडायला जाऊ नका. चिठ्ठ्या ताण वाढेल अशा क्रमानं लावलेल्या असतात.

प्रश्न : बरोबरी झाली की दगड काढतात असं ऐकलं. म्हणजे काय? – एक वाचक, सोलापूर

दुसऱ्यांदाही बरोबरी झाली तर उरलेल्यांनी एकमतानं दोघांपैकी एकाचं नाव सांगायचं. नाही जमलं तर ज्यांना मतं पडली ते दोघेही सुरक्षित होतात! इम्युनिटी असलेलाही सुरक्षित. बाकीचे पिशवीत हात घालून दगड काढतात, वेगळ्या रंगाचा ज्याच्या हाती लागेल तो बाहेर. ४ थ्या, २७ व्या आणि ३३ व्या सीझनमध्ये दगड काढावे लागले आहेत. एकही मत न पडलेला माणूस जाऊ शकतो, म्हणून ‘दगडापर्यंत जाऊ’ असं म्हणणारे पुष्कळ, जाणारे थोडे.

प्रश्न : आमच्याकडे ‘बिग बॉस मराठी’ नेमानं बघतात. त्याच नजरेनं हे बघितलं तर शेवटी हमखास राग येतो. सर्वांत चांगला खेळलेला माणूस जिंकतच नाही. पक्षपात असतो का? – एक वाचक, ठाणे

राग येण्याचं कारण मत कुणाच्या हातात आहे यात आहे. ‘बिग बॉस’मध्ये नॉमिनेशन घरातले करतात, पण वाचवणारा आणि जिंकवणारा प्रेक्षक. घरातल्या सगळ्यांशी वाकडं असलेला माणूस बाहेर लोकप्रिय असेल तर ट्रॉफीपर्यंत जातो, आणि २०१८ पासून मराठीत बघणाऱ्यांची नजर तशीच तयार झाली आहे. ‘सर्व्हायव्हर’मध्ये प्रेक्षकाला काडीचं मत नाही. काढतातही खेळाडूच आणि जिंकवतातही खेळाडूच. तेही असे, ज्यांना तुम्ही स्वतः बाहेर काढलं.

४१ ते ४९ मध्ये हिशेब असा : अठरापैकी पहिले सात घरी, पुढचे आठ ज्युरी, शेवटचे तिघे अंतिम. ज्युरीतले बाहेर पडल्यावर दर मतदानाला येऊन गप्प बसतात, बोलायची परवानगी नसते. शिबिरावर पुढे काय झालं हे त्यांना दिसत नाही. कॅमेऱ्यासमोर एकट्यानं केलेली भाषणं, ज्यांवरून तुम्ही ‘हा काय डोक्याचा आहे’ असं ठरवलं, ती त्यांनी ऐकलेलीच नसतात. त्यांना माहीत असतं ते स्वतः तिथे असेपर्यंतचं, मतदानात दिसलेलं, आणि नंतर बाहेर आलेल्यानं सांगितलेलं. म्हणजे चौथ्यानं येऊन ‘ही सगळी त्याचीच करामत’ असं सांगितलं की मत एका दिशेला झुकतं, ‘ती बिचारी नुसती मागे होती’ म्हटलं की दुसरीकडे.

म्हणून अंतिम तिघांना तीन गोष्टी साधाव्या लागतात. माणसं काढणं, ती आपण काढली हे ज्युरीला पटवणं, आणि तरी त्यांना अपमान न वाटू देणं. पहिली जमलेले खूप, तिसरी जमलेले कमी. प्रेक्षक फक्त पहिलीला गुण देतो.

हे पहिल्याच सीझनमध्ये स्वच्छ दिसलं होतं. मलेशियातलं पुलाऊ तिगा बेट, १६ जण, ३९ दिवस. युती करून ठरवून मतं टाकणारा रिचर्ड हॅच शेवटच्या दोघांत आला, समोर केली विगल्सवर्थ. सात जणांच्या ज्युरीतल्या स्यू हॉकनं भाषणात दोघांना साप आणि उंदीर म्हणत सापाला कौल दिला. ग्रेग ब्युइसनं तर प्रश्न न विचारता एक ते दहातला आकडा सांगा म्हटलं. निकाल ४-३, रिचर्ड. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर दहा लाख डॉलर दुसऱ्याकडे. ज्युरीला न्यायाधीश समजू नका. ती दुखावलेली, उपाशी राहिलेली आणि पुष्कळदा विनोदी माणसं असतात.

३४ व्या सीझनपासून शेवटचा सामनाही बदलला. पूर्वी ज्युरीतला एकेक उठून भाषण करी किंवा प्रश्न विचारी, आता सगळे बसल्या जागी मोकळी चर्चा करतात. पूर्वीची तिखट भाषणं गेली, हे नुकसान. पण हल्लीच्या चर्चेत ज्युरीला खेळातलं काय माहीत नव्हतं ते लगेच उघड होतं. शेवटचा भाग बघताना तेवढ्यावर लक्ष द्या, एखाद्या चालीचं नाव निघाल्यावर ज्युरीतल्या कुणाच्या भुवया वर जातात ते. निकाल अर्धा तिथे लागतो.

५० व्या सीझनमध्ये प्रेक्षकांनी मतं दिली हे खरं. पण ती नियमांवर आणि सामानावर, चित्रीकरणाच्या आधी. माणसांवर नव्हे.

प्रश्न : दीर अमेरिकेत एडिसनला असतात. गुरुवारी सकाळी उठून फोन बघितला की कोण गेलं ते फॅमिली ग्रुपवर आलेलंच असतं. उपाय? – एक वाचक, डोंबिवली

वेळ समजून घ्या. नवा भाग बुधवारी रात्री आठला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर लागतो. आपल्याकडे तेव्हा गुरुवारची पहाट : त्यांच्या उन्हाळी वेळेत साडेपाच, हिवाळी वेळेत साडेसहा. भाग दीड तासाचा, म्हणजे निकाल सात ते आठच्या दरम्यान. कॅलिफोर्नियातल्यांना तो आणखी तीन तासांनी दिसतो. दिरांना सांगून ग्रुपवर एक साधा नियम करा : भागाबद्दल काहीही शनिवारनंतर, आणि फोटो तर अजिबात नाही. मजकूर झाकता येतो, फोटो उघडाच दिसतो.

जुने सीझन बघताना धोका वेगळा. विकिपीडियावर कुठल्याही सीझनचं पान उघडू नका. स्पर्धकांचा तक्ता बाहेर पडण्याच्या क्रमानं लावलेला असतो, एका नजरेत सगळं संपतं. खेळाडूचं नाव शोधपेटीत टाकलं की पुढचे शब्द आपोआप येतात, त्यात ‘विनर’ आलं की झालं. यूट्यूबवर एक क्लिप बघितली की शेजारी शेवटच्या भागाचं चित्र येतं. नावं आठवत नसतील तर पहिल्या भागात कागदावर लिहून घ्या : नाव, ट्राइबचा रंग, एक खूण. अठरा ओळी. तिसऱ्या भागापर्यंत कागद लागत नाही.

आणि एक बारीक गोष्ट. ॲपवर खालची पट्टी दिसू देऊ नका. मतं वाचायला सुरुवात झाली आणि पट्टीवर अजून वीस मिनिटं शिल्लक दिसली, तर काहीतरी उलथापालथ होणार हे आधीच कळतं.

प्रश्न : आठवड्याला जेमतेम पाऊण तास मिळतो. काय गाळलं तर चालेल? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

स्पर्धा गाळा. बहुतेक जण उलटं करतात, म्हणजे स्पर्धा बघतात आणि ‘नुसतं बोलणं’ पुढे ढकलतात, आणि मग मतदान कळत नाही. अडथळे, चिखल, शेवटी लाकडी तुकड्यांचं कोडं, हे सगळं दहा-बारा मिनिटं चालतं. तुम्हाला त्यातून दोनच गोष्टी हव्यात : कोण हरलं (मर्जनंतर गळ्यात माळ कुणाच्या) आणि कुणी मुद्दाम खेळलं नाही का. शेवटची दोन मिनिटं पुरतात.

भागाची पहिली पाच मिनिटं मात्र सोडायची नाहीत. मतदानाहून शिबिरावर परतलेली रात्र असते ती. कुणाला अंधारात ठेवलं गेलं, कोण माफी मागतंय, कोण मागत नाही, पुढच्या मतदानाचं बी तिथेच पडतं. नंतर स्पर्धा संपल्यापासून मतदानाला निघेपर्यंतचा भाग पूर्ण बघा. मतदानाच्या वेळी जेफचे लांबलचक प्रश्न येतात, ते जीवन म्हणजे काय अशा वळणावर गेले की खुशाल पुढे ढकला. कुणी उठून शेजाऱ्याच्या कानात कुजबुजायला लागलं तर थांबा.

दोन भाग साठवून एकदम बघणं आम्ही सुचवणार नाही. मतदान झाल्यावर ‘हा का गेला’ याचा हिशेब स्वतः लावायला मधे दिवस लागतात, आणि अधूनमधून बघणाऱ्याला खरी मजा तिथेच आहे.

प्रश्न : दहा वर्षांच्या नातवाबरोबर बघण्यासारखं आहे का? आम्ही शाकाहारी. – एक वाचक, सांगली

शिव्या ‘बीप’ होतात, उघडं अंग धूसर केलेलं असतं. अडचण रक्ताची आणि मांसाहाराची. २ ऱ्या सीझनमध्ये रानडुकराची शिकार आहे आणि त्याच सीझनमध्ये एक जण आगीत पडून भाजतो. ३२ व्यात, कंबोडियात, उन्हानं माणसं कोसळतात आणि एकाला हेलिकॉप्टरनं न्यावं लागतं, तो भाग मुलाला दाखवू नका. जुन्या सीझनमध्ये किडे-अळ्या खायच्या स्पर्धाही आहेत. हल्लीच्या सीझनमध्ये शिबिरावर बहुधा नारळ, पपई, अधूनमधून मासे आणि गोगलगायी. ३७ वा किंवा ४५ वा चालेल.

प्रश्न : हा कार्यक्रम हिंदीत आला होता ना? – एक वाचक, पणजी

आला होता. ‘सर्व्हायव्हर इंडिया’, स्टार प्लसवर, जानेवारी २०१२ पासून, सूत्रसंचालक समीर कोचर, चित्रीकरण फिलिपिन्समधल्या कारामोआनला. एकच सीझन झाला. तमिळमध्ये २०२१ साली झी तमिळवर झाला, अभिनेते अर्जुन यांनी सूत्रं सांभाळली आणि चित्रीकरण झांझिबारला. मूळ कल्पना मात्र अमेरिकेचीही नाही. चार्ली पार्सन्स या ब्रिटिश निर्मात्याची ती, आणि सर्वांत आधी पडद्यावर आली ती स्वीडनमध्ये, १९९७ साली, ‘एक्सपिडिशन रॉबिन्सन’ या नावानं.